डोक्याचा मार आणि कानातला आवाज

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या आरोग्य प्रबोधन सभेत केलेले भाषण. बोलताना राहून गेलेले थोडेफार लिहिताना घातले आहे.)



समितीने आम्हाला ‘कामगार आणि आरोग्य’ या विषयावर बोला म्हणून सांगितले. विषय मोठा आहे. दमा, क्षय, कंबर, गुडघे सगळे त्यात येते. आम्ही त्यातला एकच कोपरा धरला आहे. डोक्याला मार लागल्यावर कानात जो आवाज सुरू होतो आणि थांबत नाही, त्याबद्दल बोलणार आहोत. कुणी म्हणेल, हा काय विषय झाला? पण आपल्या वस्तीत गाडीवरून पडलेले आहेत, बांधकामावरून पडलेले आहेत, जिन्यावरून घसरलेल्या म्हाताऱ्या आया आहेत. त्यांच्यातले किती जण रात्री उशी कानावर दाबून झोपतात, ते त्यांनाच माहीत. जखमेला पट्टी असते, मोडलेल्या हाताला प्लास्टर असते, लोक विचारपूस करतात. कानातल्या आवाजाला पट्टी नाही. म्हणून कुणी विचारत नाही आणि माणूसही सांगत नाही.

आम्ही डॉक्टर नाही. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. १९९० साली मुंबईत एका मिलमध्ये बदली कामगार म्हणून विणकाम खात्यात लागलो. जे सांगणार आहोत ते तीन ठिकाणचे आहे. थोडे अंगावरचे, थोडे डॉक्टरांना विचारून विचारून जमवलेले, आणि थोडे शब्दकोश जवळ घेऊन वाचलेले.

अंगावरचे आधी सांगून टाकतो. २०१७ च्या पावसाळ्यात, तिसऱ्या पाळीला, ताण्याचा बीम मागावर चढवताना जमिनीवरच्या तेलावरून पाय सटकला आणि डोके मागाच्या लोखंडी चौकटीवर आपटले. डाव्या कानाच्या मागे. काही मिनिटे शुद्ध नव्हती असे सोबतचे सांगतात. कानातून रक्त आले. स्कॅन काढला तेव्हा कानामागच्या हाडाला बारीक चीर निघाली. आठ दिवस इस्पितळ, पुढे दीड महिना घरी. चीर सांधली, रजा संपली. डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले, आणि त्याच कानात आवाज राहिला. जुन्या ट्यूबलाइटचा चोक कसा गुणगुणतो, तसा. कधी रातकिड्यासारखा बारीक होतो, कधी कुकरच्या शिट्टीसारखा चढतो. त्या दिवसापासून आजपर्यंत तो पूर्ण थांबलेला नाही. आत्ता तुमच्यासमोर बोलतोय तेव्हाही आहे.

सुरुवातीला घरच्यांना पटेना. आमच्या मंडळींनी एका रात्री आमच्या कानाला स्वतःचा कान लावून पाहिला. “अहो, मला तर काहीच येत नाही ऐकू,” म्हणाल्या. त्यांची काही चूक नाही. हा आवाज बाहेर नसतोच. एका डॉक्टरांनी तपासले, कागदावर काहीतरी लिहिले आणि म्हणाले, “आता याच्यासोबत जगायला शिका.” असे म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. शिका, हे खरे. पण कसे शिकायचे, ते कोण सांगणार? आमचे आजचे बोलणे त्या ‘कसे’बद्दल आहे.

आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू, कारण न कळलेल्या गोष्टीची भीती जास्त. आपल्या कानाच्या आत शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात ऐकण्याच्या केसपेशी असतात, एका कानात सुमारे १५ हजार. इतक्याच. डोक्यावरचा केस गळला तर परत येतो, पण माणसाच्या कानातली ही पेशी एकदा मेली की परत येत नाही. डोके जोरात आपटले की हाड न मोडताही आतला हा नाजूक भाग हादरतो, पेशी मरतात किंवा त्यांच्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या तारा दुखावतात. मग मेंदूला त्या कानाकडून पुरेशी खबर येत नाही. मेंदू काय करतो? रेडिओवर स्टेशन नीट लागत नसले की आपण आवाज वाढवतो, आणि मग गाण्याऐवजी खरखरच मोठी ऐकू येते. मेंदू तेच करतो. जी खबर येत नाही तिच्यासाठी तो स्वतःची ताकद वाढवतो, आणि स्वतःचीच खरखर ऐकू लागतो. पूर्वी काही रोग्यांची ऐकण्याची शीर कापण्याची वेळ आली, तरी त्यातल्या अनेकांचा आवाज गेला नाही. म्हणजे मूळ दुखणे कानात सुरू झाले तरी आवाज चालू ठेवणारा कारखाना वर मेंदूत आहे.

हे कळले की दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, कानात तेल ओतून हा आवाज जाणार नाही. दोन, तुम्ही वेडे झालेला नाही. २०२२ मध्ये जगभरच्या अभ्यासांची बेरीज प्रसिद्ध झाली, तिच्यात प्रौढ माणसांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना असा आवाज येतो असा अंदाज निघाला. बहुतेकांचा सौम्य असतो. संगीतकार बीथोव्हेनने १८०१ साली आपल्या मित्राला पत्र लिहून रात्रंदिवस कानात घोंगावते अशी तक्रार केली होती. तेव्हा आपण काही एकटे नाही.

तेलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. डोक्याला मार लागून कानातून रक्त किंवा पाणी आलेल्या माणसाच्या कानात लसणाचे तेल, मोहरीचे तेल, थेंब, काहीही घालायचे नाही. पडदा फाटलेला असू शकतो, हाडाला चीर असू शकते, आणि त्या वाटेने जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. आजीने सांगितले तरी नाही. आजीचा मान राखून नाही म्हणायचे.

आणि बुवाबाजी. आमच्या मिलमधल्या वाइंडिंग खात्यातले एक सहकारी होते, त्यांचे नाव घेत नाही. ते मोटारसायकलवरून पडले आणि त्यांनाही हाच त्रास सुरू झाला. गावाकडच्या नातेवाइकांनी ठरवले की बाहेरची बाधा आहे. गंडा बांधला, कोंबडे झाले, बघता बघता अठरा हजार रुपये गेले, ते कर्जाचे. आवाज होता तिथेच. झोप गेली, चिडचिड वाढली, घरात बोलणे बंद. एका रात्री ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “दादा, आता नको झालंय सगळं.” अशा वाक्याचा अर्थ कामगाराला समजावून सांगावा लागत नाही. आम्ही त्यांना त्या रात्री घरी जाऊ दिले नाही. सकाळी सरकारी इस्पितळात कानाच्या विभागात नेले, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः मानसोपचार विभागात पोहोचवले. झोपेचे आणि उदासीचे उपचार सुरू झाले. आवाज गेला नाही, पण माणूस राहिला. आज ते नातवाला शाळेत सोडायला जातात.

आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अघोरी उपचार करणाऱ्यावर, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून गंडे-दोरे करणाऱ्यावर त्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. पण पोलीस येण्याआधी आपले डोके यायला पाहिजे. एक फरक मात्र लक्षात ठेवा. कानात शिट्टी, गुणगुण, घोंगावणे ऐकू येणे वेगळे, आणि कुणीतरी बोलते आहे, हुकूम देते आहे असे शब्द ऐकू येणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मनाच्या डॉक्टरकडे जायचे. तोही आजारच आहे, त्यालाही औषध आहे, आणि त्याचीही लाज नाही.

आता डॉक्टरकडे कधी धावायचे ते. मार लागल्यावर नाकातून किंवा कानातून स्वच्छ पाणी गळत असेल, डोकेदुखी वाढत असेल, उलट्या होत असतील, गुंगी येत असेल, तोंड एका बाजूला वाकडे होत असेल, तर त्याच तासाला इस्पितळ. एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर आठवडाभर वाट बघायची नाही, त्यावरची औषधे पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात. आणि आवाज जर नाडीच्या ठोक्याबरोबर धक-धक असा येत असेल, तर तो नेहमीचा आवाज समजू नका. मनगटावर बोट ठेवून ताडून बघा. ठोक्याला ठोका जुळत असेल तर डोक्यातल्या किंवा मानेतल्या रक्तवाहिनीत गडबड असू शकते, आणि डोक्याच्या मारानंतर तर ती तपासलीच पाहिजे.

बाकीच्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून एकदा नीट तपासणी करून घ्यावी. कधी कधी नुसता मळ निघतो. कधी पडद्यामागे रक्त साचलेले असते, ते आपोआप जिरते. कधी कानातली ऐकण्याची तीन बारीक हाडे सांध्यातून निखळलेली असतात, त्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते. ऐकण्याची तपासणी, तिला ऑडिओग्राम म्हणतात, तिचा कागद जपून ठेवा. अंथरुणात कूस बदलली की घर गरगर फिरत असेल तर तेही सांगा. माराने आतल्या तोलाच्या भागातले बारीक खडे जागचे हलतात. डॉक्टर डोके ठराविक पद्धतीने वळवून ते जागेवर आणतात, बऱ्याचदा काही मिनिटांचे काम असते, गोळ्यांची पिशवी लागत नाही. आणखी एक. दात घट्ट आवळून बघा, मान वळवून बघा. तेवढ्याने आवाज कमी-जास्त होत असेल तर मानेचा आणि जबड्याचा त्यात वाटा आहे. फिजिओथेरपीचे व्यायाम तिथे कामी येतात. आमचा मान डावीकडे वळवली की चढतो. बसमध्ये खिडकी कुठल्या बाजूची धरायची ते आम्ही त्यावरून ठरवतो.

चालू औषधेही दाखवा. ॲस्पिरिन मोठ्या प्रमाणात घेतले तर कान वाजतात. क्विनाइनने वाजतात. काही इंजेक्शने, जेन्टामायसिन, ॲमिकॅसिन, स्ट्रेप्टोमायसिन, ही कानाला इजा करू शकतात. पण म्हणून क्षयाचे किंवा हृदयाचे औषध स्वतःच्या मनाने बंद करायचे नाही. डॉक्टरला सांगायचे, बदलायचे की नाही ते तो बघेल.

आता सगळ्यांच्या ओठावरचा प्रश्न. गोळी आहे का? नाही. हा आवाज बंद करणारी खात्रीची गोळी आजही जगात कुठेच नाही. गिंकोच्या पानांच्या गोळ्या विकतात, त्यांचा उपयोग अभ्यासांत दिसला नाही. चक्करवर देतात त्या बीटाहिस्टिनचाही या आवाजावर उपयोग सिद्ध झालेला नाही. ‘सात दिवसांत कान शांत’ अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशात ठेवा. इतके सरळ सांगितले की लोक निराश होतात. आमचे उलट झाले. गोळी नाही हे एकदा पक्के कळले आणि शोधाशोध थांबली, तेव्हाच पहिल्यांदा जरा बरे वाटले.

मग राहिले काय? राहिली सवय. हा शब्द हलका वाटतो, पण गिरणी कामगाराला त्याचे वजन माहीत आहे. आम्ही पहिल्या दिवशी विणकाम खात्यात पाऊल टाकले तेव्हा वाटले छप्पर कोसळतेय. मागांचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास. शेजारच्याने कानात ओरडले तरी कळत नाही, म्हणून खात्यात बोलणे ओठ बघून आणि बोटांच्या खुणांनी. पहिला आठवडा डोके भणभणले. सहा महिन्यांनी? आम्ही त्याच आवाजात दोन मागांच्या मधे उभ्याने डुलकी काढत होतो, आणि एखादा माग बंद पडला की खाडकन जाग यायची! आवाज तेवढाच होता. कान तेच होते. मेंदूने ठरवले होते की या आवाजात धोका नाही, याच्याकडे लक्ष देऊ नये. रेल्वेच्या रुळाकडेला राहणाऱ्यांना विचारा, गाडी केव्हा गेली ते सांगता येत नाही.

कानातल्या आवाजाचेही हेच आहे. तो किती मोठा आहे यापेक्षा मेंदू त्याला शत्रू समजतो की शेजारी, यावर त्रास ठरतो. मार लागल्यानंतर हा आवाज येतो तो भीतीच्या सोबतीने येतो. आता बहिरा होणार का, मेंदूत गाठ तर नाही, नोकरी जाणार का. मेंदू म्हणतो, धोका आहे, पहारा ठेवा. पहारा ठेवला की आवाज आणखी ठळक, ठळक झाला की भीती आणखी. हे चाक सोडवायचे असते. विचार आणि सवयी तपासून बदलण्याची जी मानसोपचाराची पद्धत आहे, इंग्रजीत तिला सीबीटी म्हणतात, तिचाच पुरावा या त्रासासाठी आज सगळ्यांत चांगला मानला जातो. तिने आवाज कमी होत नाही, त्रास कमी होतो. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सवय एका रात्रीत लागत नाही, आणि मधेच तुटतेही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मिल थांबली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. लोकल बंद, रस्ता बंद, भाजीवाल्याची हाक बंद. सगळे म्हणत होते मुंबई किती शांत झाली, पाखरे ऐकू येतात. आम्हाला पाखरे कुठली, फक्त चोक ऐकू येत होता. दहा बाय बाराच्या खोलीत, पगार नाही, भविष्य नाही, आणि कानात रात्रंदिवस शिट्टी. आयुष्यातले सगळ्यांत वाईट तीन महिने ते. तेव्हा आम्हाला कळले की या दुखण्याचा खरा वैरी गोंगाट नव्हे. शांतता. मोठा आवाज कानाला इजा करतो, ते वेगळे. पण कान वाजणाऱ्या माणसाने शांत खोलीत दार लावून बसणे म्हणजे अंधारात काजवा बघत बसणे. दिवा लावला की काजवा असतो, पण दिसत नाही.

म्हणून पहिला उपाय, बाजूला हलका आवाज ठेवा. पंखा चालेल. आकाशवाणी बारीक लावलेली चालेल. नळाची धार नको, पाणी वाया जाते. आवाज इतकाच ठेवा की कानातला बुडू नये, त्याच्यापेक्षा थोडा खाली असावा. बुडवला की मेंदूला सवय लागत नाही आणि बंद केल्यावर दुप्पट जाणवतो. आमच्याकडे हिवाळ्यातही टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून फिरतो. पाहुणे हसतात. हसू देत.

ज्यांना कमी ऐकू येते त्यांनी कानाचे यंत्र लाजून टाळू नये. बाहेरचे आवाज नीट आत गेले की मेंदू आपली खरखर कमी करतो, बऱ्याच जणांचा त्रास निम्मा यंत्रानेच हलका होतो. चष्मा लावताना लाज नाही, मग यंत्राला कसली? वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ साली स्थापन झालेली. तिथे कानाची तपासणी होते, यंत्रेही मिळतात. कमी उत्पन्नवाल्यांसाठी केंद्र सरकारची एडिप नावाची योजना आहे, उत्पन्नाचा दाखला आणि तपासणीचा कागद घेऊन चौकशी करावी.

झोपेचे म्हणाल तर उठण्याची वेळ पक्की ठेवा, रात्री कितीही जागरण झाले तरी. झोप येत नसेल तर अंथरुणात लढत बसू नका, उठा, मंद दिव्यात काही वाचा, डोळे जड झाले की परत या. दारूने झोप लागल्यासारखी वाटते आणि रात्री तीनला माणूस टक्क जागा होतो, हे इथे बसलेल्या काही जणांना आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. चहाबद्दल मात्र उगाच दहशत आहे. चहाने सगळ्यांचाच आवाज वाढतो असे नाही. पंधरा दिवस संध्याकाळचा चहा सोडून स्वतःच बघा, फरक पडला तर सोडा, नाही तर प्या.

घरच्यांनाही दोन शब्द. “सोडून दे, लक्ष देऊ नको” हे म्हणू नका. ते त्याला शक्य असते तर तुम्ही सांगायच्या आधी केले असते. “खरंच येतो का?” हे तर मुळीच विचारू नका. आमच्या मंडळी आता फक्त एवढेच विचारतात, “आज चढलाय का हो?” आम्ही हो म्हटले की त्या रेडिओ लावतात आणि भाजी निवडायला घेतात. एवढ्याने आमचे काम होते.

विहारात हा विषय आला म्हणून ध्यानाचेही सांगतो. कान वाजणारा माणूस डोळे मिटून शांत बसला की आवाज चौपट होतो, आणि त्याला वाटते आपल्याला ध्यान जमत नाही. आम्ही एका पावसाळ्यात शिबिर अर्ध्यावर सोडायला निघालो होतो. भन्तेजींना सांगितले. त्यांनी आम्हाला खिडकीजवळ बसवले, जिथे पागोळ्यांचा आवाज येत होता, आणि म्हणाले, पागोळी ऐकू आली की ‘ऐकू आले’ म्हणा, कानातले ऐकू आले की तेही ‘ऐकू आले’ म्हणा, दोघांत भेद करू नका. हा काही चमत्कार नाही, आवाज गेला नाही. पण त्याच्याशी भांडण न करता वीस मिनिटे बसता येते हे पहिल्यांदा कळले. ज्यांना बसवत नाही त्यांनी चालत ध्यान करावे. बळजबरी नको.

आता थोडे कडू. तरुण मित्रांनो, दाराशी उभे आहात, ऐकून जा. १४ एप्रिलला आपण भिंतीएवढे डीजे लावतो. डोक्याला मार लागलेल्या कित्येकांना मोठा आवाज सहनच होत नाही, सुईसारखा टोचतो. त्या रात्री ते घर सोडून नातेवाइकांकडे जातात, बाबासाहेबांच्या जयंतीला! दुसऱ्यांच्या मिरवणुका शांत असतात असे आमचे म्हणणे नाही, पण बोलायचे तर आधी आपल्या घरात बोलावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणे कानाला झेपते, १०० डेसिबलला आठवड्यातून फक्त २० मिनिटे. आम्ही मिलमध्ये आठ तास त्या आवाजात उभे राहिलो कारण पोटाचा प्रश्न होता. तुम्ही हौसेने स्पीकरच्या समोर उभे राहता, त्यात कानाचे यंत्र लागण्याचे वय पंचावन्नावरून पस्तिसावर येते. ढोल-लेझीम आहे, गाण्याची पार्टी आहे, आपली परंपरा काय थोडी आहे? आणि स्पीकरजवळ काम करावेच लागले तर औषधांच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, ते घाला. कापूस घालून उपयोग नाही.

कायद्याचे थोडक्यात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली, प्रा. अदारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कामावर अपघात झाला तर विमाधारक कामगाराला बरा होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के लाभ, आणि कायमचे नुकसान राहिले तर त्याची टक्केवारी, हे त्यातलेच. आवाजाने येणारा बहिरेपणा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या, त्यांच्या यादीतही तो आहे. पण यादीत बहिरेपणा आहे, कानातला आवाज नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मोजमाप ऐकू न येण्याचे आहे, नको ते ऐकू येण्याचे नाही. फॉर्मवर त्याला रकानाच नाही. ही गोष्ट युनियनवाल्यांनी आणि आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे, अर्ज करून, निवेदने देऊन.

तोवर एवढे करा. कामावर डोके आपटले, जखम किरकोळ असली तरी, त्याच दिवशी अपघात वहीत नोंद करायला लावा. पहिल्याच केसपेपरवर “कानात आवाज येतो” हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, तारखेसह. सहा महिन्यांनी सांगितले तर म्हणतात, हे वयाने आहे. महिन्याभरात ऑडिओग्राम काढून घ्या. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तिथे वहीच नसते. मग दोन साक्षीदारांची नावे आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. बांधकामावरच्या पोरांनो, हेल्मेट उन्हाने तापते म्हणून पायरीवर काढून ठेवता, ते आम्ही रोज बघतो.

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही वाचनालयाच्या खोलीत बसतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी कागदपत्रे असतील तर घेऊन या, नसतील तर नुसते या. सध्या सहा-सात जण येतात, त्यात दोन भगिनी आहेत. कुणाचा आवाज कसा आहे ते आम्ही एकमेकांना तोंडाने काढून दाखवतो, आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटते आत काय चाललेय! रात्री-अपरात्री मन फारच खचले तर सरकारची टेली मानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतून बोलता येते. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे. नंबर फळ्यावर लिहून ठेवला आहे, मोबाइलमध्ये घालून घ्या.

आता कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा. फक्त आमच्या उजव्या बाजूला येऊन विचारा, आणि पंखा बंद करू नका.

जयभीम. नमो बुद्धाय.